डॉ. कमलाबाई सोहोनी

वाल रात्री भिजत घालावे, सकाळी उपसून फडक्यात बांधावे, मोड आले म्हणजे सोलावे आणि मग चांगले शिजवून त्यांची उसळ करावी, हा परिपाठ आपल्या घरांतून कोणी कोणास मुद्दाम शिकविल्यावाचून चालत आलेला आहे. मटकी, हुलगे, हरभरे यांचीही कथा तीच. कच्चे कडधान्य मूठभर खाल्ले तर पोट कुरकुर करते हे आमच्या मोहोळच्या शेतावरील पोरासही ठाऊक असते. परंतु असे का व्हावे? त्याच दाण्यात उत्तम प्रथिने भरलेली असता, ती आपल्या पोटात पचण्याची क्रिया अशी मंद का पडावी, आणि शिजविल्याने तिला पुनः वेग कसा यावा? मुंबईच्या विज्ञानसंस्थेत बसून ह्या प्रश्नाच्या मागे अनेक वर्षे लागलेल्या एका महाराष्ट्रीय विदुषीचे चरित्र आम्ही ह्या अंकात आमच्या वाचकांस सादर करीत आहो. कमलाबाईंचे नाव शास्त्रज्ञांच्या जगात मोठे आहे. पण ज्या घरांतल्या चुलीशी त्यांचे संशोधन जडलेले आहे, त्या घरांतून ते फारसे ऐकू येत नाही, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथे १९११ साली भागवतांच्या घराण्यात झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. मराठी वाङ्मयात आणि लोकसाहित्याच्या अभ्यासात ज्यांनी आपले स्थान निर्माण केले, आणि १९७५ साली कऱ्हाड येथील साहित्यसंमेलनाच्या ज्या अध्यक्षा होत्या, त्या दुर्गाबाई भागवत ह्या कमलाबाईंच्या वडील भगिनी. एका घरातून अशा दोन बहिणी निघाव्या, ही गोष्ट मुलींच्या शिक्षणावर झालेला खर्च वाया जातो असे मानणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावी. घरात रसायनशास्त्राची भाषा कानांवर पडत असल्यामुळे आपणही त्याच वाटेने जावे, आणि तेही वडील जेथे शिकले त्याच संस्थेत जाऊन, असे कमलाबाईंच्या मनाने फार लवकर घेतले. मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. परीक्षा त्यांनी १९३३ साली दिली व तीत त्या पहिल्या आल्या. आता बंगळुरास प्रवेश मिळण्यास कसलीही अडचण उरली नाही, असे त्यांस वाटले असल्यास त्यात नवल नाही.

अडचण मात्र होती, आणि ती साधी नव्हती. संस्थेच्या संचालकपदी त्याच सुमारास सर चंद्रशेखर व्यंकट रामन आले होते. १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळविलेला हा थोर पुरुष साऱ्या देशाच्या अभिमानाचा विषय होता. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. गुणांत काही उणे होते म्हणून नव्हे. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण. थोर माणसाच्या थोरपणास लागलेले असे डाग लपविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्ही ती पाळीत नाही, कारण रामनांची कीर्ती तेवढ्याने कमी होत नाही, आणि त्या मुलीने सोसलेला अपमानही आम्ही गप्प राहिल्याने नाहीसा होत नाही.

कमलाबाई वडिलांसह बंगळुरास गेल्या व समक्ष भेटल्या. तरी उत्तर तेच. तेव्हा त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. ते दिवस आठवावेत. मिठाच्या सत्याग्रहास तीनच वर्षे झाली होती, आणि सोलापुरात १९३० साली पुकारलेला लष्करी कायदा व पुढील जानेवारीत चार सोलापूरकरांस झालेली फाशी ह्यांची जखम आपल्या जिल्ह्यात ओलीच होती. अन्याय करणारा परका असो वा आपला, त्याच्यासमोर शांतपणे पाय रोवून उभे राहावयाचे, हे त्या पिढीच्या अंगी मुरले होते. अखेरीस प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्षपर्यंत त्यांस नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नाही; मार्गदर्शक सांगतील तर रात्रीसुद्धा काम करावे लागेल; आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. ही तिसरी अट वाचून आमच्या वर्गातील मुली हसल्या. कमलाबाईंस मात्र हसू आले नसावे. ह्या अपमानाची बोच त्यांस पुढे जन्मभर होती. त्यांनी अटी मान्य केल्या व कामास आरंभ केला.

त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक व शिकविण्याचे हौशी गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातील व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपले तेव्हा त्यांचे काम पाहून रामनांचे समाधान झाले, कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या आणि पुढे त्या संस्थेचे दार इतर मुलींसही उघडले. १९३६ साली त्यांस एम. एस्‌सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली.

येथे चरित्राचा धागा थोडा सोडून, कमलाबाईंनी ज्या विषयात आयुष्य वेचले तो विषय काय आहे हे सांगणे आम्हांस अवश्य वाटते. नाही तर पुढील मजकूर नुसत्या नावांची यादी होईल.

कोणतीही रासायनिक क्रिया पाहिली म्हणजे तीत काय झाले असे आपण विचारतो. ती किती वेळात झाली हे सहसा विचारीत नाही. लोखंड गंजण्यास महिने लागतात, फटाका निमिषात फुटतो. क्रियेचा वेग कशाने वाढतो? एक तर उष्णतेने. पुष्कळ क्रियांचा वेग दर दहा अंशांमागे सुमारे दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. माघात सकाळचे दूध संध्याकाळपर्यंत टिकते व वैशाखात दुपारीच नासते. त्याचेही मूळ बहुतांशी हेच. दुसरे, पदार्थाच्या बारीकपणाने: लाकडाचा ओंडका सावकाश जळतो, त्याचाच भुसा भडकतो, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. तिसरे, द्रावणाच्या तीव्रतेने: लिंबाच्या निखळ रसात सोडा टाकला तर फेस उसळतो, तोच रस पाण्याने पातळ केला तर क्रिया मंदावते. आणि चौथे, उत्प्रेरकाने. उत्प्रेरक म्हणजे असा पदार्थ की जो क्रियेस वेग देतो, पण क्रियेच्या अखेरीस स्वतः जसाच्या तसा शिल्लक राहतो.

मोहोळहून मुंबईस जाणारी आगगाडी खंडाळ्याजवळ बोरघाटात शिरते. डोंगर चढून पलीकडे उतरावयाचे म्हटले तर फार थोड्यांच्या अंगी ती ताकद असते. बोगद्यातून मात्र साऱ्यांसच जाता येते. पदार्थांच्या रेणूंनाही क्रिया घडण्यापूर्वी शक्तीचा असाच एक डोंगर ओलांडावा लागतो. उष्णता दिली म्हणजे अधिक रेणूंच्या अंगी चढण्याचे बळ येते. उत्प्रेरक हा बोगदा खणून देतो. गाडी कोठून निघाली व कोठे पोचली ह्यात बोगद्यामुळे काही फरक पडत नाही, फक्त मार्ग सुकर होतो.

आता आपल्या शरीराकडे पाहा. त्याची उष्णता सदतीस अंशांच्या आसपास बांधलेली आहे, ती वाढवून पचनाचा वेग वाढविण्याची सोय नाही. प्रयोगशाळेत प्रथिनाचे पुरते विघटन करावयाचे तर ते तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर सुमारे २४ तास तापवीत ठेवतात. आपल्या पोटात मात्र कसलीही भट्टी न पेटविता हे काम काही तासांत उरकते. ही करामत एन्झाइमांची. ज्यांस शालेय पुस्तकांत विकर म्हटले आहे, ते हे सजीवांनी आपल्या पेशींत तयार केलेले उत्प्रेरक. ते स्वतः प्रथिनेच असतात, आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. त्यांचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. थोड्या उष्णतेने त्यांचा वेग वाढतो, पण मर्यादेबाहेर तापविले की त्यांची घडण विसकटते व काम कायमचे थांबते. आमच्या विद्यार्थ्यांनी ह्याचा एक सोपा प्रयोग करून पाहिला. औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड कच्च्या बटाट्याच्या फोडीवर टाकले तर फेस येतो. बटाटा किसून घेतला तर पुष्कळच जास्त येतो. उकडलेल्या बटाट्यावर काहीच होत नाही. उष्णता, पृष्ठभाग आणि उत्प्रेरक हे तिन्ही धडे एका बटाट्यात मिळाले. शेवटी खावयास बटाटा उरला नाही अशी एकाची तक्रार होती, ती आम्ही नमूद करून ठेवतो.

बटाट्याचे नाव येथे उगाच आले नाही. एम. एस्‌सी. झाल्यावर कमलाबाई शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडात केंब्रिज येथे गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स ह्यांच्या जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत त्यांनी प्रथम डेरेक रिश्टर ह्यांच्याजवळ काम केले. ते दुसरीकडे गेल्यावर वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास करणारे रॉबिन हिल त्यांस मार्गदर्शक लाभले. बटाट्याच्या पेशींवर काम करीत असता कमलाबाईंस त्यांत सायटोक्रोम सी हे द्रव्य सापडले, आणि ते वनस्पतींच्या पेशींत सर्वत्र असते असे त्यांनी दाखविले. प्राण्यांच्या पेशींत ते असल्याचे आधीच माहीत होते. बटाटा हालत नाही, बोलत नाही, पण तोही श्वास घेतो, आणि प्राणवायूच्या साह्याने अन्नातील शक्ती सोडविण्याची त्याची रीत प्राण्यांच्या रीतीशी मिळतीजुळती आहे, असा त्याचा अर्थ. ह्या द्रव्यास पुष्कळ ठिकाणी एन्झाइम म्हटलेले आढळते. काटेकोर बोलावयाचे तर ते लोहयुक्त प्रथिन असून, विहिरीवर हातोहात घागरी पोचविणाऱ्या रांगेतील माणसाप्रमाणे ते एका एन्झाइमाकडून इलेक्ट्रॉन घेते व पुढच्याच्या हवाली करते. रांगेतला हा गडी नसेल तर पुढचे सगळे काम खोळंबते.

ह्या संशोधनावर कमलाबाईंनी अवघ्या चौदा महिन्यांत प्रबंध पुरा केला, आणि तो होता केवळ चाळीस पानांचा. प्रबंधाची किंमत वजनावर ठरविणाऱ्यांस ही गोष्ट खरी वाटावयाची नाही. १९३९ साली केंब्रिजने त्यांस पीएच. डी. पदवी दिली. विज्ञानशाखेत ही पदवी मिळविणाऱ्या भारतीय स्त्रियांत कमलाबाईंचे नाव अगदी अग्रभागी आहे. सहा वर्षांपूर्वी जिला प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडू द्यावा की नाही ह्याचा खल चालला होता, तीच ही मुलगी.

परदेशात राहून त्यांस आणखी नाव मिळविता आले असते, पण त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या. आरंभी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून, व नंतर दक्षिणेत कुन्नूर येथील पोषणसंशोधनाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी काम केले. १९४७ साली त्यांचा विवाह विमागणिती श्री. सोहोनी ह्यांच्याशी झाला व त्या मुंबईस आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा नवा विभाग निघाला, त्यात त्यांस प्राध्यापकपद मिळाले. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत फलद्रूप काम येथे झाले असे आमचे मत आहे. केंब्रिजचे काम कदाचित अधिक चमकदार असेल. मुंबईचे काम आपल्या ताटातले होते.

आता आरंभीच्या वालाकडे वळू. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे एन्झाइम आतड्यात येते व ते प्रथिनांचे तुकडे करते. कडधान्यांच्या कच्च्या दाण्यांत ह्या ट्रिप्सिनलाच अडविणारी द्रव्ये असतात. उत्प्रेरक जसे क्रियेस वेग देतात, तशी ही तिचा वेग मारतात. त्यांस निरोधक म्हणता येईल. कुलपात किल्ली शिरावी त्या जागी दुसराच खिळा घट्ट बसला तर कुलूप मोडलेले नसूनही उघडत नाही, तसे काहीसे हे आहे. निरोधक ट्रिप्सिनच्या नेमक्या कामाच्या जागी जाऊन बसतो व सुटत नाही. मग प्रथिन आतड्यात असूनही त्याचा पुरता उपयोग होत नाही. किडीपासून व जनावरांपासून बीज राखण्यास वनस्पतीने केलेली ही तजवीज आहे असे मानतात. कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील असे निरोधक हुडकून काढले, वालासारख्या शेंगांतून ते वेगळे व शुद्ध केले, त्यांचे गुणधर्म तपासले. भिजवणे व मोड आणणे ह्यांनी त्यांचा जोर काही अंशी कमी होतो, आणि नीट शिजविल्याने बहुतेक नाहीसाच होतो. म्हणजे आपल्या आज्या जे करीत आल्या त्यात शहाणपण होते. पण ते शहाणपण कशात आहे व कोठवर आहे, हे प्रयोगावाचून कळत नाही. ज्या देशात लाखो घरांत प्रथिनांचा मुख्य पुरवठा डाळी व कडधान्ये ह्यांतूनच होतो, तेथे दाण्यात प्रथिन किती आहे एवढे मोजून भागत नाही; खाणाऱ्याच्या अंगी किती लागते हे पाहावे लागते.

दुसरे काम नीरेचे. हे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून हाती घेतले गेले. माडाचा किंवा शिंदीचा रस रात्री मडक्यात धरतात. तो पहाटे गोड व निर्मळ असतो. ऊन चढले की त्यात किण्वांचे काम सुरू होते, साखरेचा मद्यार्क होऊ लागतो आणि नीरेची ताडी होते. रस तोच, झाड तेच. फरक काय तो काही तासांचा व काही अंशांचा. म्हणूनच मडक्यास आतून चुना लावणे, रस थंडाव्यात ठेवणे व लवकर विकणे ह्या गोष्टींस एवढे महत्त्व. क्रियेचा वेग वाढविणे हे नेहमीच हिताचे नसते, कित्येकदा तो रोखणे हीच खरी विद्या असते, ह्याला नीरेइतके चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही. नीरेत पोषक द्रव्ये कोणती आहेत, आणि गोरगरिबांच्या कुपोषित मुलांस व गर्भवती स्त्रियांस तिचा उपयोग कसा होतो, ह्याचा कमलाबाईंनी पुष्कळ वर्षे अभ्यास केला. ह्या कामाबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईस दूध पुरविणाऱ्या आरे दुग्धयोजनेसही दुधाची प्रत सुधारण्याच्या कामी त्यांचा सल्ला मिळत असे.

इतके करूनही संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असता ते पद त्यांस चार वर्षे मिळाले नाही. संस्थेतील अंतर्गत राजकारण आड आले. पुढे ते मिळाले, आणि एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची पहिली स्त्री संचालक झाल्याबद्दल त्यांचे केंब्रिजचे पहिले मार्गदर्शक रिश्टर ह्यांनी दुरून त्यांचा गौरव केला.

निवृत्तीनंतर पुष्कळ विद्वान आठवणी लिहिण्यात रमतात. कमलाबाईंनी ग्राहकांची बाजू घेतली. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी एकत्र येऊन ग्राहक मार्गदर्शन संस्था स्थापन केली. बाजारातील मालातली भेसळ, वजनातली लबाडी व जाहिरातींतला खोटेपणा उघडा करणे हे तिचे काम. कमलाबाई तीत पहिल्यापासून झटत होत्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या, आणि संस्थेच्या कीमत ह्या मासिकात ग्राहकांसाठी लेख लिहीत असत. हळदीत काय मिसळले आहे हे शोधण्यासही तेच रसायनशास्त्र लागते जे केंब्रिजला लागते. फक्त त्यात मान थोडा कमी मिळतो.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कमलाबाईंच्या सत्काराचा समारंभ दिल्ली येथे योजिला. त्या वेळी परिषदेच्या प्रमुखपदी डॉ. सत्यवती ही एक स्त्रीच होती. वयाची पंचाऐंशी वर्षे उलटलेल्या कमलाबाई त्यासाठी प्रवास करून गेल्या. सत्काराच्या प्रसंगीच त्या कोसळल्या, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे देहावसान झाले.